बारा जोड्या, दोन परीक्षक

आमच्या बाबांनी मास्तर म्हणून अख्खी नोकरी यवतमाळात काढली आणि तेवढ्या वर्षांत एकाही पोराला नापास केलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. "पोरगं काठावर असन तर काठ थोडा सरकवाचा, पोराले कायले ढकलता?" हे त्यांचं शिक्षणशास्त्र. इतिहासाच्या पेपरात एखाद्यानं नुसतं 'महाराज शूर होते' लिहिलं तरी बाबा खूश. शूर होतेच ना, मग मार्क कापायचे कशाचे? आणि अशा माणसाला मी माझ्या पीएचडीचा परीक्षक नेमलं. डोकं जागेवर असलेली कोणतीही मुलगी असं करणार नाही. पण मे महिना होता, यवतमाळ होतं, कूलरमधलं पाणी दुपारी चहा टाकण्याइतकं तापत होतं. डोकं जागेवर राहणार कसं?

आधी माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचा तमाशा कळेल. मी बंगळूरला एका संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करते. त्या यंत्रात लोखंडाचा अगदी पातळ पापुद्रा ठेवायचा, त्यातून इलेक्ट्रॉन सोडायचे आणि पलीकडे निघालेल्या इलेक्ट्रॉनांनी वाटेत किती ऊर्जा गमावली ते मोजायचं. हेच मोजमाप एकदा डाव्या जागेवरून घ्यायचं, एकदा उजव्या. दोन्ही आलेख जुळ्या बहिणींसारखे दिसतात. उजव्यातून डावा वजा केला की जे काही उरतं ते त्या लोखंडाचं चुंबकत्व.

आता उरतं किती? शंभरात दोन-तीन. आणि मोजमापातला कचरा, ज्याला लॅबमध्ये आम्ही नॉइज म्हणतो, तोही जवळपास तेवढाच. वजाबाकी केली की दोन्हीकडचा सारखा भाग निघून जातो, कचरा मात्र जात नाही, उलट वाढतो. म्हणजे लग्नाच्या पंगतीतून सगळी पाहुणे मंडळी उठून गेली आणि मागे फक्त उष्ट्या पत्रावळी उरल्या, त्यात कोणाची तरी अंगठी पडली आहे, ती शोधा. दोन वर्षं मी हेच करत होते. घरच्यांना विचारलं तर सांगायचे, "पोट्टी चुंबकावर काम करून राह्यली." चुंबक दिसला तर शपथ.

त्या मे महिन्यात यंत्र दुरुस्तीसाठी बंद ठेवलं, होस्टेलची मेसही बंद झाली, म्हणून मी मोजमापांची कॉपी लॅपटॉपवर घेऊन घरी आले. कचरा काढायचा माझा प्रोग्राम तयार होता. आलेख असे गुळगुळीत येत होते की इस्त्री केल्यासारखे. मी सरांना पाठवले. आमचे सर मूळचे साताऱ्याकडचे, बोलणं कमी आणि त्यात कौतुक त्याहून कमी. ते म्हणाले, "सुंदर आहेत. सुंदर आहेत म्हणूनच मला भीती वाटते. तुला जे हवंय तेच तुला दिसत नाहीये ना, हे बघायला हवं."

त्यासाठी त्यांनी परीक्षा सांगितली. माझ्याकडे मोजमापांच्या बारा जोड्या होत्या, प्रत्येकीत एक डावं, एक उजवं. या विषयातलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसानं नाणं उडवायचं. छापा आला तर त्या जोडीतल्या डाव्या-उजव्याची गुपचूप अदलाबदल करायची, काटा आला तर तशीच ठेवायची. मग मी कचरा काढून, वजाबाकी करून सांगायचं की कोणत्या जोड्या उलटल्या आहेत. चुंबकत्व खरंच दिसत असेल तर उलटलेल्या जोडीत तेही उलटं दिसणार आणि माझी उत्तरं जवळपास सगळी बरोबर येणार. नसेल दिसत, तर माझं उत्तर म्हणजेही नाणेफेकच, निम्मी चुकणार. "जमलं तर प्रबंध लिहायला घे," सर म्हणाले. "नाही जमलं तर विषय बदलायचा. दोन वर्षं गेली समजायची." एवढं बोलून फोन ठेवला. दोन वर्षं गेली समजायची! माणूस चहात साखर कमी आहे हेसुद्धा याहून हळहळत सांगतो.

बाबांना मी सगळं समजावलं. ते इतके गंभीर झाले की विचारू नका. पांढरा सदरा घातला, चष्मा पुसला, दहाचं नाणं धुऊन घेतलं (का, ते त्यांनाच ठाऊक) आणि लॅपटॉप घेऊन बेडरूमचं दार आतून लावून बसले. मी प्रोग्राम असा केला होता की त्यांनी फक्त 'उलट' किंवा 'सुलट' बटण दाबायचं आणि शेवटी स्वतःचा पासवर्ड टाकून उत्तरं कुलूपबंद करायची. आतून नाणं फरशीवर पडल्याचा खणखणाट, मग पलंगाखाली शोधाशोध, मग "आई गं, कंबर!" असं सगळं ऐकू येत होतं. आई गच्चीवर कुरड्या घालायला चालली होती, दाराशी थबकून म्हणाली, "इलेक्शनची ड्युटी करून राह्यले का तुम्ही?"

मी दोन दिवस राबून उत्तरं दिली. बाबा परत आत गेले, दार लावलं, बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "बाराच्या बारा!"

मी उडीच मारली. आईनं गुळाचा खडा तोंडात कोंबला. संध्याकाळपर्यंत बाबांनी पेढे आणले, सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या मंडळींना सांगितलं, त्या मंडळींनी कॉलनीला सांगितलं आणि मी दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेले तर दूधवाल्या काकू म्हणाल्या, "बाप्पा बाप्पा, चुंबकाचा शोध लावला म्हणे तू!" मी म्हटलं, काकू, तो आधीच लागलाय. त्या म्हणाल्या, "असू दे, तू आपलं नम्र राहा."

मग सरांना फोन केला. आवाजात मध घालून सांगितलं, बाराच्या बारा, सर.

"छान," सर म्हणाले. "अदलाबदल कोणी केली?"

"बाबांनी."

सरांनी लगेच विचारलं, "त्यांचा तुझ्यावर जीव आहे?"

"हो सर, खूप."

"मग दुसरं कोणी तरी बघ."

मला इतका राग आला, इतका राग आला की फोन ठेवल्यावर मी भिंतीशी भांडले. माझ्या बाबांवर संशय! तरी म्हटलं, ठीक आहे, पासवर्ड घेऊ, उत्तरं उघडू आणि सरांच्या तोंडावर मारू. बाबा अंगणात टमाट्याच्या रोपाला पाणी घालत होते. मी पासवर्ड मागितला.

"आता काहून पाह्यजे? झालं ना काम," बाबा म्हणाले.

"सरांना पाठवायचंय."

"विसरलो."

"बाबा, आजपर्यंतचे सगळे रोल नंबर तुम्हाला पाठ आहेत."

"रोल नंबर येगळे, हे कॉम्प्युटरचं येगळं." एवढं म्हणून त्यांनी त्या एका रोपाला इतकं पाणी घातलं की ते बिचारं आडवंच झालं.

गच्चीवरून आई ओरडली, "अहो, सांगून टाका ना आता! कालपासून जेवण गेलं नाही तुम्हाले."

बाबांनी नळ बंद केला. पायरीवर बसले. "सात," ते म्हणाले.

"सात काय?"

"सात बरोबर होते. पाच चुकले." आणि लगेच, घाईघाईनं, "पण सात म्हंजे काही कमी नाही बरं बेटा. अठ्ठावन्न टक्के होते. सेकंड क्लास पक्का."

मी मटकन त्यांच्या शेजारी बसले. "बाबा, ह्या परीक्षेत सात म्हणजे शून्य. नुसतं नाणं उडवत बसले असते तरी सहा-सात आलेच असते."

"सातचं शून्य? हे कोणतं गणित वं?"

मग मात्र माझा तोल गेला. मी अंगणातच भडाभडा बोलले. मी त्यांच्याच शाळेत शिकले, त्यांच्याच वर्गात. पहिला नंबर आला की पोरी म्हणायच्या, मास्तरची पोरगी हाये, मार्क तर भेटनारच. आणि मला उलट उत्तर देता यायचं नाही, कारण मलाही कधी कळलं नाही की त्यातले माझे किती आणि बाबांचे किती. "मला बंगळूरला जायचं होतं ते ह्याच्यासाठी," मी म्हटलं, "की तिथे मला कोणी ओळखत नाही. आणि शेवटी तिथलाही पेपर तुम्हीच तपासला!" बाबा खाली बघत बसले. त्यांची ती पडलेली मान पाहून मला अजूनच राग आला, कारण आता मला वाईटही वाटायला लागलं होतं. धड रागावूही देत नाहीत ही माणसं.

मी खोलीत जाऊन दार आपटलं. रडले. रडून झाल्यावर करायला दुसरं काही नव्हतं म्हणून लॅपटॉप उघडला.

माझी कचरा काढायची पद्धत अशी होती: सगळी मोजमापं एकत्र घेऊन त्यांचे थर पाडायचे. सगळ्यांत समान आणि ठळक गोष्टी वरच्या थरांत येतात, किडूकमिडूक खाली जातं. वरचे थर ठेवायचे, खालचे फेकायचे. मी तीनच थर ठेवले होते, कारण तीनात आलेख देखणा यायचा. फेकलेलं एकदा नीट बघून घ्यावं असं शिकवलेलं असतं. मी बघितलंही होतं, पण पाहुणे यायच्या आधी घर झाडतो तसं, एका डोळ्यानं. आता फुगून बसलेली होते, वेळच वेळ होता. फेकलेला सगळा ढीग उघडला.

कचरा खरोखर कचरा असेल तर त्याला आकार नसतो. ह्याला होता. बरोबर लोखंडाच्या ऊर्जेच्या जागी एक उंचवटा आणि त्याच्या पुढे एक खड्डा. अरे देवा! अख्खं चुंबकत्व मी सुपातून पाखडून बाहेर टाकलं होतं. शंभरात दोन-तीन असणारी गोष्ट वरच्या थरात येणारच कशी? ती खालीच दबलेली होती आणि मी ते गुळगुळीत आलेख घेऊन मिरवत होते.

पुढचे चार-पाच दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही, पण आता ते रागामुळे नव्हतं. जिथे इलेक्ट्रॉन जास्त पडतात तिथे कचराही जास्त असतो, म्हणून आधी सगळं एका मापात आणलं आणि मगच थर पाडले. तीनाऐवजी आणखी थोडे थर ठेवले. आलेख पूर्वीसारखा देखणा आला नाही. चांगला दातरा आला, बैलगाडीच्या रस्त्यासारखा. पण त्यातून उंचवटा आणि खड्डा मान वर काढून उभे राहिले. बाबांकडून पासवर्ड घेऊन त्यांची अदलाबदल आधी मोडली. आता नवा परीक्षक हवा होता, माझ्यावर जीव नसलेला.

हा माणूस यवतमाळात कुठून आणायचा? अख्ख्या कॉलनीनं माझे पेढे खाल्लेले. दूधवाल्या काकूंना तर मी दुधाचा हिशेब चुकले तरी शास्त्रज्ञच वाटत होते. शेवटी आईच म्हणाली, "तुया आत्याले बोलाव."

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पुसदला राहते. सरकारी ऑफिसात काउंटरवर बसून रिटायर झाली. अर्जावरची सही जराशी वाकडी असली तरी माणसाला परत पाठवायची. तिच्या काउंटरपुढे उभं राहताना लोक आपोआप शर्टाची वरची गुंडी लावत. तिनं माझ्यासाठी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कारखाना असलेलं स्थळ आणलं होतं, मी नको म्हटलं आणि तेव्हापासून तिनं माझ्याशी सरळ बोलणं सोडलं होतं. "लोखंड पाहून राह्यली म्हणे पोट्टी दोन वर्सं. घरात विळा नव्हता का पाहाले?" हे तिचं माझ्या संशोधनावरचं मत. मी नापास झाले असते तर तिला नवीन स्थळ दाखवायला मोकळं रान होतं. आईच्या निवडीत काही खोट काढता येईना.

आत्या सकाळच्या एसटीनं आली. हातात पिशवी, पिशवीत स्वतःचं पाणी. मी परीक्षा समजावून सांगितली. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि तीनच प्रश्न विचारले. "तुले कळाले नाही पाह्यजे, बरोबर?" बरोबर. "मास्तरलेही नाही?" त्यांना तर मुळीच नाही. "किती बरोबर आले तर पास?" मी म्हटलं, दहाच्या वर हवेत. "मंग मले कोणी चहा विचारू नोका, उत्तर होयेपर्यंत," असं म्हणून ती लॅपटॉप घेऊन गच्चीवरच्या खोलीत गेली. आत्यानं चहा सोडला म्हणजे काय, हे ज्यांनी तिला पाहिलंय त्यांनाच कळेल.

अदलाबदल कुलूपबंद करून तिनं लॅपटॉप खाली दिला, स्वतः वरच राहिली आणि मी दोन दिवस खाली काम करत होते. बाबा जिन्यापाशी घुटमळत. एकदा कचोरी घेऊन वर गेले आणि कचोरीसकट खाली आले. वरून आत्याचा आवाज, "मास्तर, बाजूले हो. मले समजते सारं."

जेवणं झाल्यावर समोरच्या खोलीत सगळे बसलो. मी उत्तरांचा कागद दिला. आत्यानं पासवर्ड टाकला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि वाचायला सुरुवात केली. आवाजात चढ नाही, उतार नाही, काउंटरवर टोकन नंबर पुकारावा तसा.

"पह्यली. बरोबर. दुसरी. बरोबर. तिसरी. बरोबर."

दोन वर्षं काय असतात हे तेव्हा मला कळलं. रोज पहाटेची यंत्राची पाळी, पापुद्रा फाटला की नव्याने सगळं, घरी फोनवर "चाललंय" एवढंच सांगणं, ते सगळं त्या चष्म्याखालून एकेक करून जात होतं.

"पाचवी. बरोबर. साहवी." आत्या थांबली. कागद पाहिला, स्क्रीन पाहिला. "चूक."

"ताई, नीट पाह्य," बाबा म्हणाले.

"नीटच पाह्यलं. सातवी. बरोबर."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. कानात नुसता कूलर वाजत होता. "बारावी. बरोबर," असं म्हणून आत्यानं लॅपटॉप मिटला. "अकरा."

मग आई हळूच म्हणाली, "अकरा म्हंजे पास का नापास वं?"

पास म्हणून मी नुसती मान हलवली. सहाव्या जोडीच्या दिवशी पापुद्रा यंत्रात सरकला होता, ती चुकणं तर साहजिकच होतं. अकरा म्हणजे चुंबकत्व होतं. खरोखर होतं. पण तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच. "आत्या, खरंच अकरा ना?"

आत्यानं चष्मा काढला. "तुया बापाचा फोन आलता मले, एसटीत बसाच्या आधी. म्हणे ताई, एखांदं चुकलं तर सांभाळून घेजो."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे पाहत होते.

"म्या हाव म्हटलं न् फोन ठेवला," आत्या म्हणाली. "मनातून तर वाटे, नापास झाली तं बरंच होईन, घरी येईन. आता खोटं कायले बोलू? पण तुले म्या एक मार्कही देल्ला नाही, बाई, न् एक कापलाही नाही. हे अकरा तुये हायेत. तुये एकटीचे."

मी तिच्या गळ्यात पडले आणि अशी रडले की तिच्या लुगड्याचा खांदा भिजला. ती मला थोपटत होती, आईला चहा टाकायला सांगत होती, आणि मागे बाबा लॅपटॉप उघडायला बघत म्हणत होते, "ताई, ते साहवीचं एकदा पाहून घे ना पुन्हा."